थुंकणारा खासदार आणि एक सभ्य कायदा

राजद्रोहाच्या कायद्यावरून आपल्याकडे वाद पेटला की एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘कायदा वाईट नाही हो, त्याचा गैरवापर वाईट.’ असे म्हणणारी माणसे बहुतेक वेळा समंजस असतात. त्यांना कोणाचे तोंड बंद करायचे नसते. त्यांचे म्हणणे इतकेच, की कलमात चार शहाण्या अटी घाला. आरोपीचा वाईट हेतू सिद्ध करायला लावा, खरे बोलणाऱ्याला सुटकेची वाट ठेवा, निवाडा सरकारी अधिकाऱ्याच्या हाती न देता न्यायालयाकडे सोपवा, आणि कायद्याला मुदत घाला. मग बिघडले कुठे?

हा प्रयोग एकदा रीतसर होऊन गेला आहे. १७९८ साली अमेरिकेच्या काँग्रेसने राजद्रोहाचा जो कायदा केला, त्यात या चारही अटी होत्या. त्याखाली पहिली शिक्षा झाली ती मॅथ्यू लायन याला, आणि हा लायन त्याच काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहाचा विद्यमान सदस्य होता. व्हरमाँट आणि केंटकी ही दोन राज्ये सोडली तर खुद्द अमेरिकेतही त्याचे नाव आज फारसे कोणी घेत नाही. वॉशिंग्टन, जेफरसन, हॅमिल्टन यांच्या गर्दीत त्याला जागा मिळालीच तर ती एका जुन्या व्यंगचित्रापुरती, ज्यात तो हातात शेकोटीचा चिमटा घेऊन भर सभागृहात मारामारी करताना दिसतो. माझे म्हणणे असे, की या माणसाचा खटला नीट पाहिला तर ‘गैरवापर’ ही सबब टिकत नाही.

लायनचा जन्म आयर्लंडच्या विक्लो परगण्यातला, साधारण १७४९ चा. पोरवयात तो अमेरिकेला आला तो जहाजाचे भाडे डोक्यावर घेऊन. भाडे फिटेपर्यंत कोणाच्या तरी शेतावर राबायचे, असा तेव्हाचा करार असे. कनेक्टिकटमध्ये त्याचा करार एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेला तो बैलांच्या जोडीच्या मोबदल्यात, असे सांगतात. दुसऱ्या कोणी ही गोष्ट दडवली असती. लायन मात्र रंगात आला की ‘मला सोडवणाऱ्या त्या बैलांची आण’ अशी शपथ घेत असे.

पुढे तो व्हरमाँटच्या डोंगराळ मुलखात गेला आणि ईथन ॲलनच्या ‘ग्रीन माउंटन बॉइज’ या टोळीवजा पलटणीत शिरला. स्वातंत्र्ययुद्धात १७७६ साली जेरिको नावाच्या एका आघाडीच्या ठाण्यावरून त्याच्या तुकडीतल्या शिपायांनी काढता पाय घेतला. ठपका अधिकाऱ्यांवर आला आणि लायनला सैन्यातून बडतर्फ केले गेले. शिपायांना थोपवण्याचा आपण प्रयत्न केला होता, असे तो जन्मभर सांगत राहिला. त्याला पुढे सैन्यात पुन्हा कामही मिळाले. पण विरोधकांनी एक वदंता पसरवली, की भित्रेपणाची खूण म्हणून त्याच्या कमरेला लाकडी तलवार बांधून त्याची धिंड काढली होती. ही लाकडी तलवार त्याला आयुष्यभर चिकटली.

युद्धानंतरचा लायन म्हणजे एकहाती औद्योगिक वसाहतच. १७८३ मध्ये त्याने फेअर हेवन हे गाव वसवले. तिथे लाकडाची गिरणी, पिठाची गिरणी, लोखंडाची भट्टी, कागदाचा कारखाना असे सगळे उभे केले. चिंध्या मिळेनात तेव्हा झाडाच्या सालीचा लगदा करून कागद काढला. त्यावर छापायला छापखाना घातला आणि १७९३ मध्ये वर्तमानपत्र सुरू केले. दरम्यान व्हरमाँटचे गव्हर्नर टॉमस चिटेंडन यांचा तो जावई झाला होता. म्हणजे वेठीला आलेला पोरगा आता गिरणीमालक, संपादक आणि गव्हर्नरचा जावई. जुन्या घराण्यांतल्या लोकांना हे पचणे अवघडच होते. काँग्रेसच्या निवडणुकीत तो पुन्हा पुन्हा पडला, पुन्हा पुन्हा उभा राहिला, आणि १७९७ मध्ये एकदाचा सभागृहात पोचला.

पोचल्या पोचल्या त्याने पहिली कळ काढली. राष्ट्राध्यक्षांच्या भाषणाला सभागृहाने उत्तर द्यायचे आणि सगळ्या सदस्यांनी मिरवणुकीने अध्यक्षांच्या घरी जाऊन ते सादर करायचे, अशी तेव्हाची रीत होती. लायनने सांगितले, हे राजेशाही नखरे मला जमणार नाहीत, मला यातून वगळा. फेडरलिस्ट पक्षाच्या सदस्यांनी त्याची खूप टर उडवली. या फेडरलिस्टांना अध्यक्ष जॉन ॲडम्स यांचे सरकार म्हणजेच देश वाटत होता. समोर जेफरसन यांचा गट होता, जो स्वतःला रिपब्लिकन म्हणवी. आजच्या त्या नावाच्या पक्षाशी त्याचा संबंध लावू नये.

३० जानेवारी १७९८ ची घटना सभागृहाच्या नोंदींत सविस्तर आहे. फिलाडेल्फियातल्या सभागृहात कसलीशी मतमोजणी चालली होती, त्यामुळे सगळे सैल बसले होते. लायन सभापतींच्या आसनाजवळ उभा राहून मोठ्याने सांगत होता, की कनेक्टिकटचे प्रतिनिधी आपल्या मतदारांच्या हिताविरुद्ध वागतात, आणि मी सहा महिने तिथे जाऊन छापखाना चालवला तर या सगळ्यांना घरी बसवीन. कनेक्टिकटचे रॉजर ग्रिसवोल्ड जवळच होते. त्यांनी विचारले, तिथे येताना लाकडी तलवार लावून येणार का? लायनने दुर्लक्ष केले. ग्रिसवोल्ड यांनी त्याच्या दंडाला धरून प्रश्न पुन्हा विचारला. लायन त्यांच्या तोंडावर थुंकला.

पुढचे दोन आठवडे देशाचे कायदेमंडळ या थुंकीची चौकशी करत बसले. साक्षी झाल्या, भाषणे झाली. हकालपट्टीच्या बाजूने ५२ मते पडली, विरुद्ध ४४. दोन तृतीयांश मते लागत होती, म्हणून लायन वाचला. १५ फेब्रुवारीला ग्रिसवोल्ड हिकरी लाकडाची जाड काठी घेऊन आले आणि बाकावर बसलेल्या लायनला बडवू लागले. लायन कसाबसा उठून शेकोटीपर्यंत पोचला, त्याने चिमटा उचलला, आणि मग दोघे जमिनीवर लोळू लागले. ते प्रसिद्ध व्यंगचित्र या दिवसाचे.

लायन गोड माणूस होता असे मी म्हणत नाही. तो उर्मट होता, तोंडाळ होता, आणि कोणाच्याही तोंडावर थुंकणे हे कोणत्याही काळात समर्थनीय नाही. गंमत एवढीच, की थुंकण्याबद्दल त्याला काही झाले नाही. तुरुंगात तो गेला एका पत्रामुळे.

त्याच उन्हाळ्यात फ्रान्सशी युद्ध होणार अशी हवा तापली होती. समुद्रावर अमेरिकी जहाजे पकडली जात होती, फ्रेंच मंत्र्याच्या हस्तकांनी अमेरिकी राजदूतांकडे लाच मागितल्याचे उघड झाले होते. भीती खोटी नव्हती, हे फेडरलिस्टांच्या बाजूने म्हटलेच पाहिजे. या भीतीच्या लाटेवर १४ जुलै १७९८ रोजी राजद्रोहाच्या कायद्यावर ॲडम्स यांची सही झाली. सरकार, काँग्रेसची दोन्ही सभागृहे किंवा अध्यक्ष यांच्याविरुद्ध खोटे, बदनामीकारक आणि द्वेषमूलक लिखाण केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार डॉलरपर्यंत दंड. प्रतिनिधिगृहात तो ४४ विरुद्ध ४१ अशा निसटत्या मतांनी पास झाला होता.

आता या कायद्यातल्या सवलती पाहा. इंग्लंडच्या जुन्या रिवाजात लिखाण खरे असले तरी सुटका नसे. उलट जितके खरे तितका गुन्हा मोठा, असे मानत. अमेरिकी कायद्याने सांगितले, मजकूर खरा असल्याचे आरोपीने दाखवून दिले तर तो निर्दोष. इंग्लंडमध्ये न्यायाधीशांनी ज्युरीला बराच काळ एवढेच ठरवू दिले, की आरोपीने हे छापले की नाही. अमेरिकी कायद्याने सगळाच निवाडा ज्युरीकडे दिला. हेतू वाईट असला पाहिजे ही अट होतीच. आणि कायदा ३ मार्च १८०१ ला आपोआप संपणार होता. आपल्या समंजस मित्रांना याहून चांगला मसुदा सुचवणे कठीण जाईल.

दोन गोष्टी मात्र डोळ्यांत भरतात. कायद्याने अध्यक्षांना कवच दिले, उपाध्यक्षांना नाही. उपाध्यक्ष होते विरोधी गटाचे जेफरसन. त्यांना कोणीही काहीही म्हणावे. आणि कायद्याची मुदत संपत होती ती ॲडम्स यांच्या कारकिर्दीच्या शेवटच्या दिवशी. पुढचा अध्यक्ष दुसऱ्या पक्षाचा निघाला तर हत्यार त्याच्या हाती पडायला नको, ही काळजी मुदतीच्या कलमातच घेतलेली होती.

लायनने २० जून १७९८ ला, म्हणजे कायदा होण्याच्या तीन आठवडे आधी, व्हरमाँटमधल्या एका वर्तमानपत्राला पत्र लिहिले होते. त्याच्यावर झालेल्या टीकेला ते उत्तर होते. सत्तेची अखंड हाव, हास्यास्पद थाटामाटाची न भागणारी तहान, खुळी खुशामत आणि स्वार्थी लोभ यांत लोकहित गिळले जात असेल तर अशा सरकारला मी पाठिंबा देणार नाही, असा त्याचा आशय. पत्र छापून आले जुलैच्या अखेरीस, कायदा झाल्यावर. दुसरा आरोप असा, की पॅरिसहून जोएल बार्लो या कवीने लिहिलेले एक पत्र त्याने प्रसिद्ध केले. ॲडम्स यांच्या भाषणाला काँग्रेसने उत्तर म्हणून त्यांना वेड्यांच्या इस्पितळात धाडण्याचा हुकूम द्यायला हवा होता, असे त्या पत्रात होते.

५ ऑक्टोबरला रटलंड गावी त्याच्यावर आरोप ठेवला गेला आणि काही दिवसांतच खटला संपलाही. न्यायाधीश होते सर्वोच्च न्यायालयाचे विल्यम पॅटरसन. हे कोणी हुकुमाचे ताबेदार नव्हेत. राज्यघटना लिहिणाऱ्या परिषदेत ते बसले होते, घटनेवर त्यांची सही आहे. लायनचे वकील वेळेवर पोचले नाहीत, म्हणून त्याने स्वतःच बचाव केला. तीन मुद्दे मांडले. हा कायदाच घटनाबाह्य आहे, माझा हेतू वाईट नव्हता, आणि मी लिहिले ते खरे आहे.

तिसऱ्या मुद्द्यासाठी त्याने साक्षीदार बोलावला तो खुद्द न्यायाधीशांना. आपण अध्यक्षांकडे जेवायला गेला आहात ना, तिथे हास्यास्पद थाट आणि मिरवणूक आपल्याला दिसली नाही का? पॅटरसन म्हणाले, क्वचित जेवलो आहे, मला साधेपणाच दिसला. लायनने पुढे विचारले, इथे रटलंडमध्ये आपण जेवता त्यापेक्षा तिथे नोकरचाकरांचा आणि बडेजावाचा बारदाना जास्त नसतो का? यावर न्यायाधीश काही बोलले नाहीत.

हा प्रसंग विनोदी म्हणून सांगितला जातो, आणि तो विनोदी आहेच. पण ‘सत्य हा बचाव’ या सवलतीची किंमत किती, हे याहून स्वच्छ मला दुसरीकडे कुठे सापडलेले नाही. थाट ‘हास्यास्पद’ आहे हे सिद्ध कसे करायचे? ताटल्या मोजून? सरकार लोभी आहे, मंत्री गर्विष्ठ आहेत, धोरण देशाला खड्ड्यात नेणारे आहे, ही मते आहेत. मत खरे किंवा खोटे ठरवायला पुरावा लागू पडत नाही, ते पटते किंवा पटत नाही एवढेच. राजकारणातली दहापैकी नऊ वाक्ये या जातीची असतात. पेनसिल्व्हेनियाचे ॲल्बर्ट गॅलटिन यांनी विधेयकावर बोलताना नेमका हाच प्रश्न केला होता, की मतांचे सत्य पुराव्याने कसे दाखवणार? सरकारच्या बाजूचे लोक ज्युरीत बसले तर विरोधी मत त्यांना खोटेच वाटणार. लायनच्या खटल्याने त्यांचे शब्द काही महिन्यांत खरे केले.

हेतूच्या अटीचे तेच झाले. पॅटरसन यांनी ज्युरीला सांगितले, कायदा घटनेत बसतो की नाही हा तुमचा प्रश्न नाही. अध्यक्षांना आणि सरकारला लोकांच्या नजरेतून उतरवण्याखेरीज दुसऱ्या कोणत्या हेतूने असे लिहिता येईल का, एवढे पाहा. आता निवडणुकीला उभा राहिलेला विरोधी उमेदवार सरकारला लोकांच्या नजरेतून उतरवणार नाही तर काय करणार? तेच त्याचे काम. हेतू सिद्ध करण्याची अट बचावासाठी घातली होती, आणि विरोधकाच्या बाबतीत ती आपोआप आरोपाच्या पारड्यात पडली. ज्युरी तासाभरात परत आली. दोषी.

शिक्षा चार महिने कैद, एक हजार डॉलर दंड, वर खटल्याचा खर्च ६० डॉलर ९६ सेंट. काँग्रेसचा सदस्य असल्याने त्याला तर अशा लिखाणाचे दुष्परिणाम जास्त कळायला हवे होते, असेही न्यायाधीशांनी ऐकवले.

यात गैरवापर कोणी केला? मार्शल, म्हणजे न्यायालयाचा अंमलदार, अध्यक्षांनी नेमलेला होता आणि ज्युरीत आपल्याला पाण्यात पाहणाऱ्या गावांतली माणसे भरली, अशी लायनची तक्रार होती. ती खरी धरली तरी बाकी सगळे कायद्याच्या बरहुकूम झाले. आरोप रीतसर, सुनावणी उघड, बचावाला संधी, कैद कमाल मर्यादेच्या सहाव्या हिश्श्याएवढी, दंड निम्मा. न्यायाधीश विद्वान. एकही कागद बनावट नाही. कायदा जसा लिहिला होता तसा वापरला गेला, आणि त्यातून निघाले काय, तर निवडणुकीच्या हंगामात विरोधी उमेदवार गजाआड.

रटलंडला तुरुंग होता, तरी मार्शल त्याला तिथून उत्तरेला व्हर्जेन्सला घेऊन गेला. सोळा फूट लांब, बारा फूट रुंद कोठडी. आधी तिथे घोडेचोर, खोटी नाणी पाडणारे असे लोक ठेवत. कोपऱ्यात शौचकूप, त्याचा दर्प ऑगस्टमधल्या फिलाडेल्फियाच्या गोदीसारखा, असे लायनने एका सेनेटरला पत्रात कळवले. खिडकीला गज होते, काच नव्हती, आणि व्हरमाँटचा हिवाळा तोंडावर होता. शेकोटी नव्हती. पुढे मित्रांनी स्टोव्ह आणून दिला. गावकरी तुरुंग फोडायला निघाले होते, त्यांना लायनने स्वतः परत पाठवले.

त्याच्या माफीसाठी हजारो लोकांच्या सह्यांचा अर्ज घेऊन एक पाद्री फिलाडेल्फियाला गेला. अर्जावर लायनची सही आहे का, असे ॲडम्स यांनी विचारले म्हणतात. नव्हती. आधी पश्चात्ताप, मग माफी, असे उत्तर मिळाले.

आणि निवडणूक? सप्टेंबरच्या पहिल्या फेरीत कोणालाच निम्म्याहून जास्त मते मिळाली नव्हती. व्हरमाँटच्या नियमाप्रमाणे डिसेंबरात पुन्हा मतदान झाले. उमेदवार कोठडीत, आणि तो मोठ्या फरकाने निवडून आला. फेब्रुवारी १७९९ मध्ये सुटका झाली तेव्हा दंडाची रक्कम मित्रांनी आणि सहानुभूतिदारांनी जमवलेली होती. दारातून बाहेर पडता पडता त्याने जाहीर केले, मी काँग्रेसच्या अधिवेशनाला निघालो आहे. अधिवेशनाला जाणाऱ्या सदस्याला अटक करता येत नसे, आणि दुसरा खटला तयार असल्याची कुणकुण त्याला होती. फिलाडेल्फियात त्याला काढून टाकण्याचा पुन्हा प्रयत्न झाला. ४९ विरुद्ध ४५. पुन्हा दोन तृतीयांशाला कमी.

१८०० च्या अध्यक्षीय निवडणुकीत जेफरसन आणि त्यांच्याच पक्षाचे ॲरन बर यांना निर्वाचकांची प्रत्येकी ७३ मते पडली आणि निवड प्रतिनिधिगृहाकडे आली. एका राज्याला एक मत. व्हरमाँटचे दोन सदस्य, लायन आणि फेडरलिस्ट लुइस मॉरिस, एकमेकांविरुद्ध असल्याने ते मत पस्तीस फेऱ्या वाया गेले. १७ फेब्रुवारी १८०१ ला छत्तिसाव्या फेरीत मॉरिस बाजूला राहिले आणि लायनने व्हरमाँटचे मत जेफरसन यांना दिले. ‘लायनने जेफरसनला अध्यक्ष केले’ असे त्याचे चाहते म्हणतात, ते जरा जास्तच झाले. डेलावेअरचे बेयर्ड आणि इतर फेडरलिस्ट आधीच माघार घ्यायला तयार झाले होते. पण ज्याला ॲडम्स यांच्या कायद्याने तुरुंगात टाकले, त्याने ॲडम्स यांच्यानंतरच्या अध्यक्षासाठी आपल्या राज्याचे मत टाकले, हे खरेच.

इथे कोणी म्हणेल, बघा, लोकांनी चूक दुरुस्त केली. कायदा गेला, सरकार गेले, लायन परत आला. लोकशाहीने आपले काम केले, मग एवढा आरडाओरडा कशाला?

कारण लायनकडे मतदार होते, सगळ्यांकडे नसतात. बेनिंग्टनचे संपादक अँथनी हॅसवेल यांनी लायनच्या दंडासाठी काढलेल्या लॉटरीची जाहिरात छापली. त्यांच्यावर याच कायद्याखाली खटला झाला, दोन महिने कैद आणि दोनशे डॉलर दंड. न्यूजर्सीत ल्यूथर बाल्डविन नावाचा एक माणूस दारूच्या नशेत अध्यक्षांच्या बुडाविषयी आणि तोफांच्या सलामीविषयी काहीतरी अचकट बोलला, त्यालाही दंड भरावा लागला. यांना कोण निवडून देणार? शिवाय जे लिहायचे राहूनच गेले, जे संपादकांनी स्वतःच कापून टाकले, त्याची मोजदाद कोणत्याही निकालपत्रात नसते.

दुसरे असे, की सत्तेवर आलेल्यांनाही लगेच विसर पडला. जेफरसन यांनी शिक्षा झालेल्यांना माफी दिली खरी. पण १८०३ मध्ये त्यांनीच पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नरांना खाजगीत लिहिले, की बड्या गुन्हेगारांवर काही थोडे खटले भरले तर वर्तमानपत्रांची प्रामाणिकता परत यायला मदत होईल. त्याच काळात न्यूयॉर्क राज्यात हॅरी क्रॉसवेल या फेडरलिस्ट संपादकावर जेफरसन यांच्या बदनामीचा खटला चालला, आणि सत्य हा बचाव मान्य करा म्हणून त्याच्या बाजूने कोण उभे राहिले, तर फेडरलिस्टांचे नेते अलेक्झांडर हॅमिल्टन. पक्ष बदलले, खुर्च्या बदलल्या, युक्तिवादही बदलले. टीका सोसण्याची ताकद कोणत्याही पक्षाच्या तत्त्वज्ञानात उपजत नसते. म्हणून ‘आमचे लोक असा कायदा नीट वापरतील’ या भरवशाला मी तरी कवडीची किंमत देत नाही.

आणि न्यायालये? हा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे कधी आलाच नाही. १९६४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स विरुद्ध सुलिव्हन या खटल्यात न्यायमूर्ती ब्रेनन यांनी लिहिले, की या कायद्यावरचा हल्ला इतिहासाच्या न्यायालयात जिंकला आहे. १६६ वर्षांनी. त्यात त्यांनी काँग्रेसने दंड परत केल्याचा दाखलाही दिला. तो दंड लायनचा. १८४० मध्ये काँग्रेसने खास कायदा करून १०६० डॉलर ९६ सेंट व्याजासह त्याच्या वारसांना दिले. लायन १८२२ मध्येच गेला होता.

मराठी वाचकाला यात एक ओळखीची गोष्ट दिसेल. १८९७ मध्ये टिळकांवर राजद्रोहाच्या १२४ अ कलमाखाली खटला झाला तेव्हा तेही मुंबई कायदेमंडळाचे निवडून आलेले सदस्य होते. ज्युरी सहा विरुद्ध तीन, सहा युरोपीय एका बाजूला आणि तीन हिंदी दुसऱ्या. अठरा महिने सक्तमजुरी. १९०८ मध्ये सात विरुद्ध दोन, सहा वर्षे काळे पाणी आणि हजार रुपये दंड. त्या कलमात लायनच्या कायद्यासारखा सत्याचा बचाव नव्हता, पण ‘स्पष्टीकरण’ होते : सरकारच्या धोरणाबद्दल नापसंती दाखवणे हा गुन्हा नाही. वसाहतीचे सरकार आणि प्रजासत्ताक यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे मान्य. तरी अटींचा उपयोग दोन्हीकडे सारखाच झाला. कोणी १९१६ चा दाखला देईल. तेव्हा जिना यांनी टिळकांची बाजू मांडली आणि चांगल्या वर्तणुकीची हमी म्हणून जामीन द्या, हा टिळकांवरचा हुकूम मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला. बरोबर आहे, तेव्हा तेच कलम टिळकांच्या कामी आले. पण एकाच कलमाखाली एका न्यायाधीशासमोर मंडाले आणि दुसऱ्यासमोर सुटका मिळत असेल, तर नागरिकाला कायद्याचे संरक्षण नाही, त्याला न्यायाधीशाचे नशीब आहे.

१२४ अ ला सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्थगिती दिली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे १५२ वे कलम लागू आहे. त्यातून ‘सरकारबद्दल अप्रीती’ गेली, त्याऐवजी सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता आली. फुटीर कारवायांच्या भावनांना उत्तेजन देणे हाही गुन्हा आहे, शिक्षा जन्मठेपेपर्यंत. ‘जाणूनबुजून’ ही अट आहे. स्पष्टीकरणही आहे. बंदुका उचलण्याची चिथावणी कोणीही गुन्हाच म्हणेल. ‘भावनांना उत्तेजन’ कधी मिळाले हे मात्र पॅटरसन यांच्यासारखा एखादा सज्जन न्यायाधीश पुन्हा आपल्या अनुभवावरूनच ठरवणार.

राहता राहिला शेवटचा प्रश्न. असा कायदा नसेल तर संकटात देश कसा सांभाळायचा? १८०१ मध्ये कायदा संपला. १८१२ मध्ये अमेरिकेचे इंग्लंडशी युद्ध सुरू झाले, लुटुपुटीचे नव्हे. ऑगस्ट १८१४ मध्ये इंग्रजांनी राजधानी जाळली, अध्यक्षांचे घरही पेटवले. त्याच काळात न्यू इंग्लंडमधले फेडरलिस्ट, ज्यांनी राजद्रोहाचा कायदा केला होता तेच, अध्यक्ष मॅडिसन यांच्यावर वर्तमानपत्रांतून आणि चर्चच्या व्यासपीठांवरून तुटून पडत होते. हार्टफर्डला त्यांची परिषद भरली, तेव्हा संघराज्यातून फुटण्याची भाषाही कानावर येत होती. मॅडिसन यांनी राजद्रोहाचा नवा कायदा मागितला नाही. युद्ध संपले, संघराज्य टिकले, आणि फेडरलिस्ट पक्ष मतपेटीतूनच नामशेष झाला. युद्ध सुरू झाले तेव्हा कनेक्टिकटचे गव्हर्नर होते रॉजर ग्रिसवोल्ड, काठीवाले. केंद्र सरकारने राज्याची मिलिशिया, म्हणजे नागरिकांची फौज, मागितली तेव्हा त्यांनी ती द्यायला साफ नकार दिला. त्यांना कोणी तुरुंगात टाकले नाही. लायन तेव्हा केंटकीत होता. तिथूनही तो काँग्रेसवर निवडून आला होता आणि १८११ मध्ये त्याची ती कारकीर्द संपली होती. युद्धात त्याने सरकारसाठी तोफांच्या नौका बांधायला घेतल्या आणि त्यात त्याचे दिवाळे निघाले.